जनाज्यापाशी तौकीरने काही बोलू नये

हे लिहायला मी फार उशीर केला, त्याची आधी सर्वांकडे माफी मागतो. बकरी ईदपासून लिहायचे म्हणतो आहे. कागद आणून ठेवले होते. पण बसलो की फोन वाजे, आणि फोन ठेवला की काय लिहायचे ते विसरायला होई. वकिलांकडून करून घेतले असते तर भाषा शुद्ध झाली असती. त्यांची फी ऐकली आणि त्या महिन्याचा हप्ता आठवला. म्हणून स्वतःच लिहितो आहे. कुठे चुकले असेल तर चुकीचा फायदा कोणी घेऊ नये.

मी, रमजान अब्बास धनसे, वय वर्षे एकाहत्तर, धंदा भटारी, म्हणजे लग्नाकार्यात देगीवर जेवण करणारा आचारी, शिक्षण सातवी, राहणार कुंभिवली, तालुका खालापूर, जिल्हा रायगड, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. काळजी फार करतो, पण काळजी म्हणजे वेड नव्हे, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले आहे आणि खाली सहीही केली आहे. मला कोणी धाक घातलेला नाही. धाक घालणारे पुष्कळ येऊन गेले, पण या कागदासाठी कोणी आले नाही.

मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. हे मात्र माझा मुलगा तौकीर याने आधी वाचावे. आमच्यात मयत शक्यतो त्याच दिवशी दफन करतात आणि घरातले कागद मागाहून सवडीने निघतात. तोवर जे बोलायचे नाही ते बोलून झालेले असेल. कलम चार त्यासाठी आहे. त्याला घाई असेल तर त्याने तेवढेच वाचावे. सगळे वाचले तर जास्त बरे.

कलम १. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असते तर माझी बायको शरीफा हिला कळलेच असते. माझ्यामागे माझ्या मालमत्तेतून आधी दफनाचा खर्च निघावा, मग देणी फिटावीत, मग उरेल त्याच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत मी खाली ज्यांना देतो त्यांना मिळावे, आणि बाकी शरियतप्रमाणे वारसांत वाटले जावे. तिसऱ्या हिश्शाच्या वर माझी मर्जी चालत नाही, हे मौलानांनी सांगितले आणि वकिलांनीही. दोघांचे एकमत झाले म्हणजे खरे असणार. कारभार माझी मुलगी इक्रा हिने पाहावा. ती कर्जतला शाळेत शिकवते आणि तिला बेरीज येते.

कफनाचे पैसे शरीफाच्या पेटीत वेगळे बांधून ठेवलेले आहेत. ते हप्त्यांच्या हिशेबात धरलेले नाहीत. हप्त्यांचा हिशेब बसवून देणाऱ्या गोपाळकृष्णभाऊंना मी ते सांगितलेले नाही. साक्षीदार म्हणून ते हा कागद वाचतीलच, तर त्यांनी रागावू नये. एवढे एक मी कोणाला न विचारता ठेवले.

कलम २. देणे कसे झाले ते लिहितो, म्हणजे मागे कोणी जुगाराचे की दारूचे अशी चर्चा करणार नाही.

लॉकडाऊनच्या आदल्या वर्षी मी बँकेचे कर्ज काढून टेंपो आणि मंडपाचे सामान घेतले, आणि कमी पडले ते पतसंस्थेतून घेतले. माझ्याकडे तेव्हा पुढच्या लग्नांच्या तारखा लागलेल्या होत्या. मग लग्ने पन्नास माणसांत होऊ लागली. पन्नास माणसांसाठी देग कोण चढवतो? घरच्या कुकरमध्ये होते. ते दिवस गेले तर लोक कर्जतकडच्या फार्महाउसवर लग्ने करू लागले, तिथे जेवण त्यांचेच. किराणा मी धोंडूबाईच्या दुकानातून उधार आणत होतो. ती नको म्हणाली नाही, आणि मी किती झाले ते विचारले नाही.

शेवटी हप्ता भरायला मोबाईलवरून कर्ज घेतले. ते मीच घेतले, कोणी फसवले नाही. बटण दाबत गेलो. नंतर त्यांच्या माणसांनी माझ्या फोनमधल्या सगळ्या नंबरांवर फोन केले. माझ्या फोनमध्ये कोण असणार? नवऱ्या मुलींचे बाप. ज्यांच्या घरी मी वीस-वीस वर्षे जेवण केले त्यांना सांगितले, तुमचा भटारी चोर आहे. काहींनी मला कळवले. बाकीच्यांनी दुसरा भटारी बघितला.

कलम ३. हे फोन ज्यांना आले त्यांत कर्जतचे गोपाळकृष्ण टिपणीस होते. पतसंस्थेचे व्यवस्थापक म्हणून निवृत्त झालेले, माझ्या पतसंस्थेचे नव्हे, दुसऱ्या. त्यांच्या मुलाच्या हळदीचे मटण मी केले होते. बाकीच्यांनी माझा नंबर काढून टाकला आणि हे दुसऱ्या दिवशी दारात हजर.

"रमजानभाई, तुमच्या नावाने एक मुलगी मला फोनवर झापत होती," ते म्हणाले. "मी म्हटलं, बाई, जे काय असेल ते लेखी पाठव. गप्प झाली. तुम्हीपण तेच म्हणत चला."

"आणि लेखी पाठवलं तर?"

"मग वाचू. कागद ओरडत नाही."

त्यांनी सतरंजीवर सगळे कागद मांडले. मला वाटले आधी बँकेचे नाव काढतील. त्यांनी आधी गॅस लिहिला, मग तांदूळ, वीज, माझ्या छातीच्या गोळ्या. मला लाज वाटली. घेणेकरी उभे असताना गोळ्या पहिल्या लिहायच्या म्हणजे काय. ते म्हणाले, "गोळ्या न घेता हप्ता भराल. मग तीन महिन्यांनी कोण भरणार, मी?" तेव्हा मी गोळ्यांचे बिलही काढून दिले.

घरखर्च जाऊन जे उरले ते त्यांनी ज्याचे जेवढे देणे त्या प्रमाणात वाटले. जास्त ओरडतो त्याला जास्त नाही. मी आजवर उलटे करत आलो होतो. मग प्रत्येकाला पत्र लिहिले की महिन्याला इतके देता येईल, यापेक्षा जास्तीचे वचन देणार नाही. मोबाईलवाल्यांना पोलिसांतल्या तक्रारीची प्रत पाठवली तेव्हा ते मुद्दलावर आले, आणि टेंपो विकून त्यांचे मिटवले. बँकेने मुदत वाढवली, दोन खेटे घालायला लावून. पतसंस्थेने तीन घालायला लावले. त्यांचा वसुलीचा माणूस मोटारसायकलवरून यायचा. माझ्या हाताखालचा पदू, जो पंचवीस वर्षे माझ्याबरोबर देग उचलतो आहे, त्याने एकदा त्याला दारातच धरले.

"रमजान धनसे आहे का?"

"हाय ना. चाचा देगीत उतरलाय, घासतोय. तुमी पन उतरा, दुसरा घासना हाय आमच्याकडं."

तो माणूस हसला आणि चहा घेऊन गेला. त्याचेही पोट त्याच कामावर आहे. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही.

धोंडूबाईच्या वाट्याला महिन्याला चारशे रुपये आले. गोपाळकृष्णभाऊंनी तिला बोलावून सांगितले.

"चारशात मी काय करू, हत्ती पाळू?" ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "आन् काय रं रमजान, बँकेला हजारानं आन् मला चारशे? बँकेनं कवा तुला गूळ दिला उधार?"

"प्रमाण तसं निघतं, धोंडूबाई," भाऊ म्हणाले.

"निघू दे. पन मी घरी येऊन घेनार, चा पिऊन. फोनवर धाडलंस तर माझा चा बुडंल."

तेव्हापासून ती दर महिन्याच्या सात तारखेला येते, ओट्यावर बसते, चहा पिते, नोटा पदराला बांधते. कधी मला वाटते हे देणे फिटू नये. पण असे लिहू नये. फिटलेच पाहिजे. अजून साधारण वर्षभराचे हप्ते उरले आहेत आणि माझ्या छातीचे काही सांगता येत नाही. व्याज दिले, त्याबद्दल अल्लाहने माफ करावे. न देऊन चालत नव्हते.

कलम ४. आता तौकीरसाठी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो. आमच्यात जनाज्याची नमाज उभी राहण्याआधी मुलगा पुढे येऊन लोकांना सांगतो की माझ्या बापाकडे कोणाचे येणे असेल तर त्याने माफ करावे, नाहीतर माझ्याकडे यावे. रीत चांगली आहे. मी रीतीला नावे ठेवत नाही.

माझे वडील गेले तेव्हा मी एकोणतीस वर्षांचा होतो. रसायनीला केमिकल कंपनीत होतो, कायम झालो होतो, गणवेश मिळाला होता. कबरस्तानाच्या दारात मी पुढे झालो आणि बोललो, "बाबांचं जे काय देणं असेल ते आजपासून माझं. माझ्याकडे या." माफीचे बोलायचे विसरलो. आवाज मोठा निघाला म्हणून लोकांनी पाठीवर हातही ठेवला.

आधी आले ते खरे होते. त्यांचे दिले. मग दुसरे येऊ लागले. लोधिवलीच्या एकाने घराच्या लाकडाचे पैसे मागितले. आमच्या घराला तेव्हा लाकूड कुठले, कुडाच्या भिंती होत्या. पण मी सगळ्या गावासमोर बोललो होतो. कागद मागायचा तर बापाच्या मातीवर शंका घेतल्यासारखे होते. पुरेना, तेव्हा कंपनीतला फंड काढला, आणि फंड पुरा काढायचा तर नोकरी सोडावी लागे. सोडली. एका भटाऱ्याकडे कांदा कापायला राहिलो. तेव्हापासून मी धुरात आहे. लोक वर्षानुवर्षे येत राहिले. शेवटचा आला तेव्हा तौकीर चालायला लागला होता.

लोधिवलीचा तो माणूस पुढे वारला. मी त्याच्या जनाज्याला गेलो. त्याचा मुलगा पुढे येऊन तेच बोलला, तसाच मोठ्याने. मी त्याच्याकडे काही मागायला गेलो नाही. पण त्याचा चेहरा मला अजून दिसतो.

तौकीर पनवेलला लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत आहे. चांगले काम आहे. मागच्या वर्षी पावसाळ्यात तो बँकेचे पत्र घेऊन आला. त्याच्या पगारावर त्याला कर्ज मंजूर झाले होते.

"अब्बा, सगळं एकदम मिटवून टाकू. मग एकच हप्ता, तो माझ्या पगारातून जाईल. तुम्ही झोपा शांत."

मी म्हटले, "तुझ्या पैशानं मला मोकळं व्हायचं नाय."

"का? मी परका हाय?"

"प्लॅन चाललाय ना. चालू दे."

"प्लॅनमधी बँक हाय, पतसंस्था हाय, धोंडूबाई हाय. गावातली सगळी हायत. मी कुठं हाय त्याच्यात?"

मी म्हटले, "तू नाहीस तेच बरं हाय."

मला म्हणायचे होते की तू वाचलास. त्याने ते तसे ऐकले नाही. तेवढ्यात माझ्या छातीत कळ आली आणि ती लपवायला मी मोरीत गेलो. बाहेर आलो तेव्हा त्याची गाडी गेली होती. त्यानंतर तो या दारात आलेला नाही. पनवेल इथून तासाभरावर आहे. आईला फोन करतो. मी समोर असलो की शरीफा फोन घेऊन मागच्या दारी जाते.

एकदा तिने मला सांगितले की तो म्हणाला, "अब्बा जिवंत असेपर्यंत मला देऊ देणार नायत. ठीक हाय. त्यांच्या जनाज्याला मी उभा राहीन आणि सगळ्यांसमोर बोलेन. तेव्हा तर अडवायला उठणार नायत."

हे ऐकल्यापासून मी नीट जेवलेलो नाही. तो रागाने बोलला की प्रेमाने, ते शरीफाला विचारले. ती म्हणते, दोन्ही एकच आहे.

म्हणून लिहून ठेवतो की माझ्या जनाज्यापाशी तौकीरने माझे देणे अंगावर घेऊ नये. कायद्याने बापाचे देणे बापाच्या मालमत्तेतून फिटते, मुलाच्या पगारातून नाही, असे भाऊंनी मला दोनदा समजावले. पण गावासमोर बोललेला शब्द कायदा ऐकत नाही. रीत मोडू नये असे त्याला वाटले तर त्याने एवढेच म्हणावे: "अब्बांचं देणं कागदावर आहे, कागद घरी आहे, हप्ते चालू आहेत. ज्याला माफ करायचं असेल त्याने करावं." यापुढे एक शब्द नाही. गोपाळकृष्णभाऊ नमाजेच्या रांगेत नसतील, पण चपलांपाशी उभा राहीन असे त्यांनी कबूल केले आहे. तौकीरने त्यांच्याकडे बघावे. पदू तर आत घुसेलच, त्याला कोणी अडवू नये.

मौलानांना मी विचारले, हप्ते चालू असताना गेलो तर माझा जीव देण्यापाशी अडकून राहील का. ते म्हणाले, फेडायची नियत साफ आहे, फेडायला मालमत्ताही आहे, मग एवढे कशाला घाबरता. मी आणखी एकदा विचारले. ते म्हणाले, घरी जा, चाचा.

कलम ५. घर. कुंभिवलीचे घर माझ्या नावावर आहे, ते विकू नये. रस्त्याकडची पुढची खोली भाड्याने द्यावी. पंक्चरवाला दोन वर्षे मागतो आहे, भाडे हप्त्याच्या जवळपास जाते. मी गेल्याच्या दुसऱ्या महिन्यापासून ते भाडे सरळ घेणेकऱ्यांना त्याच प्रमाणात जावे. कमी पडेल ते मंडपाचे सामान विकून भरावे. भाऊंनी हे बँकेला आणि पतसंस्थेला लिहून दिले आहे. देणे फिटल्यावर शरीफाचा आठवा हिस्सा, आणि बाकीचे तौकीरला दोन भाग, इक्राला एक. शरीफा आहे तोवर कोणी वाटणी मागू नये, ही विनंती आहे. हुकूम करायचा मला अधिकार नाही.

कलम ६. तांब्याच्या दोन्ही मोठ्या देगी, झारे आणि चुलीच्या लोखंडी तिवया पदूला द्याव्यात. कल्हई वर्षातून एकदा करावी, त्यात कंजुषी करू नये. तो करतो. पण आजवर मला सांगावे लागत आले आहे.

कलम ७. फार्महाउसवाले अनुपमशेठ यांच्याकडे दोन मोठ्या जेवणांचे माझे पैसे येणे आहेत. चार वर्षे "पुढच्या आठवड्यात" म्हणतात. त्यांच्या बंगल्यात पोहण्याचा तलाव आहे. हे येणे मी धोंडूबाईला देतो. तिच्या उधारीत हे धरू नये, ती वेगळी. माझ्याने वसूल झाले नाही. ती तलावाच्या काठावर जाऊन बसेल, चहा मागेल, आणि घेऊन येईल अशी माझी खात्री आहे. अनुपमशेठ यांच्यावर माझा दुसरा काही राग नाही.

कलम ८. माझा फोन इक्राने घ्यावा आणि नंबर सहा महिने चालू ठेवावा. जुन्या गिऱ्हाइकांचा आला तर पदूचा नंबर द्यावा. कोणी ओरडला तर नाव विचारावे आणि लेखी पाठवा म्हणावे. आवाज चढवू नये. वारसाला असे वेगळे द्यायचे तर बाकीच्या वारसांची हरकत नसावी लागते. जुना फोन आहे, तौकीरची हरकत नसेल असे वाटते.

कलम ९. माझ्या चाळिसाव्याला, म्हणजे मी गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी, देग चढवू नये. मी लोकांच्या चाळिसाव्याची जेवणे केली आहेत, कर्ज काढून घातलेली कोणती ते तांदळावरूनच कळते. कोणाला जेवायचेच असेल तर घरात वरणभात खाऊन जावे. मीठ शरीफाला विचारून घालावे.

कलम १०. तौकीरला मी वेगळे काय देऊ, हे फार दिवस सुचत नव्हते. देगी त्याच्या कामाच्या नाहीत. तो म्हणाला होता, मी कुठे आहे त्याच्यात. मी भाऊंना विचारले, याचे नाव घालता येईल का, पण बोजा न घालता. त्यांनी वही उघडली आणि लिहिले.

तेव्हा असे ठरले आहे की डिसेंबरपासून धोंडूबाईचे चारशे रुपये तौकीरने द्यावेत. तेवढेच. बँकेचे नाही, पतसंस्थेचे नाही, आणि एकदम नाही. स्वतःच्या पगारातून, सात तारखेला, इथे ओट्यावर येऊन, तिच्या हातात, चहा होईपर्यंत बसून. फोनवर पाठवलेले चालणार नाही. मी जिवंत आहे तोवर तो माझ्यासमोर देईल, मी नसेन तेव्हा आईसमोर. त्याने हे घेतले तर जनाज्यापाशी बोलण्यासारखे त्याच्याकडे काही उरणार नाही. जे द्यायचे ते तो देतच असेल.

माझे एवढेच आहे. मी थकलो आहे, अक्षर शेवटी बिघडले आहे, पण सगळे मीच लिहिले आहे.

धोंडूबाई आणि पदू दोघेही सही करायला आले होते. त्यांना यात काही मिळते आहे म्हणून भाऊंनी त्यांच्या सह्या घेतल्या नाहीत. धोंडूबाई रागावून चहा न पिता गेली. पुन्हा येईल.

लिहून ठेवणार : रमजान अब्बास धनसे (सही)

आम्हा दोघांच्या समक्ष रमजान धनसे यांनी सही केली. ती करताना ते शुद्धीवर होते व काय लिहिले आहे ते त्यांना पूर्ण समजत होते.

साक्षीदार १ : गोपाळकृष्ण टिपणीस, कर्जत (सही). पेटीतल्या पैशांचे वाचले. राग नाही.

साक्षीदार २ : डॉ. आसावरी गुप्ते, खालापूर (सही)

ठिकाण : कुंभिवली, ता. खालापूर
तारीख : ९ नोव्हेंबर २०२५

याची एक झेरॉक्स पोस्टाने तौकीरला पाठवतो आहे. तौकीर, सात तारखेला रविवार येतो, तुला सुट्टी असेल. येतोस की नाही ते लवकर कळव. मला फोन करायचा नसेल तर आईला कर. या वेळी मी तिला म्हणेन, मागच्या दारी जाऊ नकोस, इथेच बोल.